दोन जीन स्लेटर

बुधवार, १३ जानेवारी १९८२

मागच्या वहीत, २९ ऑगस्टला, मी लिहिलं आहे: ‘खापरपणजी जीन स्लेटर हिचा जन्म पोर्टलॅरिक इथे, फेब्रुवारी १८४२. वडील जेम्स स्लेटर, मासेमार. दोन्हीकडून चार पिढ्या दर्यावरच्या. शंका उरलेली नाही.’ यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. शंका उरली होती, मी ती लिहिली नव्हती. वहीत खाडाखोड करायची नाही असा माझा नियम आहे, म्हणून दुरुस्ती इथे करते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे जीन १८५१च्या शिरगणतीत नऊ वर्षांची हवी. तिथे लिहिलंय सात. १८६१ला एकोणीस हवी, लिहिलंय सतरा. १८७१ला सत्तावीस. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की मोजणीदार दारोदार घाईत फिरतात, आणि बायका वय सांगताना हात आखडता घेतात. सात वर्षांची मुलगी कशाला वय लपवेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

शंभर वर्षं पूर्ण झाल्यामुळे १८८१ची पानं आता उघडली आहेत. काल एडिंबराला जाऊन पाहिली. जीन सदतीस वर्षांची, हवी होती एकोणचाळीस. चार शिरगणत्या, चार वेगवेगळे मोजणीदार, आणि दर वेळी तीच दोन वर्षं कमी. चौघं मिळून एकच चूक करत नाहीत. चुकले मीच.

आणखी एक. १८५१च्या पानावर शेवटच्या रकान्यात, जन्म कुठे झाला तिथे, जीनपुढे ‘ड्रमगॅल्ट’ आहे. ड्रमगॅल्ट समुद्रापासून नऊ मैल आत, नुसती शेतं. हेही मी ऑगस्टमध्ये वाचलं होतं. मोजणीदाराची नजर खालच्या ओळीवर घसरली असेल म्हणून सोडून दिलं.

हे नुसतं वहीत असतं तर एवढं लागलं नसतं. पण तो वृत्तांत मी चांगल्या कागदावर उतरवून, खाली सही करून, जेसी आत्याला दिला आहे.

शनिवार, १६ जानेवारी

ॲबर्डीनहून घरी, पोर्टलॅरिकला. बंदराच्या तोंडाशी बर्फ साचलंय. चार होड्या आणि कुणा डॉक्टरची प्लास्टिकची शिडाची नाव. आत्या सांगते, तिच्या लहानपणी हेरिंग माशांच्या हंगामात एका होडीवरून दुसऱ्या होडीवर पाय टाकत, पाणी न लागता पलीकडच्या धक्क्यावर जाता यायचं. मी ते कधी पाहिलेलं नाही, तरी रिकामं बंदर दिसलं की माझंच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

जेसी आत्या आजोबांची बहीण. बाबा आत्या म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि आता अर्धं गाव म्हणतं. वय पंच्याऐंशी. लग्न केलं नाही. तरुणपणी हेरिंग साफ करायला यारमथपर्यंत जायची. बोटांना चिंध्या गुंडाळूनही सुरी लागायचीच, त्या पांढऱ्या रेघा अजून दिसतात. आज खारवलेली हेरिंग आणि बटाटे केले होते. काट्याने खाल्लं तर ती अजूनही ‘कॉलेजात जाऊन हात विसरलीस का गं’ म्हणते, म्हणून मी हातानेच खाल्लं.

जेवण झाल्यावर तिने बायबलमधून माझा वृत्तांत काढला. घड्यांवर कागद मऊ झालाय. १७ मार्चला चर्चच्या महिला मंडळात जुन्या घराण्यांची संध्याकाळ आहे, तिथे ती तो स्वतः उभी राहून वाचणार आहे. अक्षर बारीक पडतं, तेव्हा मी मोठ्या अक्षरात उतरवून द्यावा असं म्हणाली. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

मग तिने जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. १९२० साली एक चार्ली डुगुइड होता. डोंगराकडच्या शेतावर घोड्यांचा नांगर हाकायचा. दोन वर्षं त्यांचं ठरलेलं होतं. एका रविवारी तो धुतलेला शर्ट घालून, टोपीत डझनभर अंडी घेऊन दारात आला. घरात तेव्हा आत्याची आजी, म्हणजे हीच जीन, हयात होती. तिने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अंडीही घेतली नाहीत. म्हणाली, या घरात चार पिढ्या मीठ आहे, माती मिसळली की दोन्ही नासतं. तेव्हा तशीच रीत होती. रोज पहाटे बाराशे गळांना आमिष लावणारी बायको लागायची, म्हणून दर्यावरचे दर्यावरच्यांतच करायचे, आणि ‘मातीतले’ हा शब्द शिवीसारखा वापरायचे. पण चार्ली तर नवरा होणार होता, त्याला कुठे गळ लावायचे होते, असं मी म्हटलं. आत्या म्हणाली, तेच मीही म्हटलं होतं.

तिने आजीचं ऐकलं. चार्लीने पुढे दुसरीशी लग्न केलं आणि सहा मैलांवर आयुष्य काढलं. तीन वर्षांपूर्वी वारला. तिने वर्तमानपत्रात वाचलं.

ऑगस्टमध्ये मी कागद दिला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली होती, “म्हणजे म्हातारीचं खरं होतं.” मला ती माझ्या कामाची तारीफ वाटली होती.

ड्रमगॅल्टच्या चर्चच्या चिटणिसांना पत्र टाकलं. जुनी पुस्तकं अजून त्यांच्याकडेच आहेत म्हणतात.

शनिवार, ३० जानेवारी

ड्रमगॅल्ट. चिटणीस मिस्टर रेनी संधिवाताने घरीच असतात, म्हणून बसथांब्यावर त्यांचा पुतण्या इनेस आला होता. उंच, मोठे कान, गाडीत पेंढा आणि एक ओलं कुत्रं. चर्चच्या मागच्या खोलीत त्याने सकाळी सातपासून रॉकेलचा हीटर लावून ठेवला होता. माझ्यासाठी इतकं रॉकेल जळतंय याचं मला दिवसभर ओझं वाटत राहिलं.

पुस्तकं म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या कामकाजाच्या नोंदी. कोण रविवारी दारू प्यालं, कोणाला लग्नाआधी मूल झालं. तिथे बोलावून उभं करायचे आणि सगळं लिहून ठेवायचे. अक्षर फार वळणदार. इनेसला जुनं अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो शेजारी बसून शिकत होता. बीजगणितापेक्षा सोपं आहे म्हणाला. मध्येच त्याने विचारलं, तुमच्याकडे डुकराचं नाव काढलं तर लोखंडाला हात लावतात, खरं का? मी म्हटलं, ती होडीवरच्या म्हाताऱ्यांची अंधश्रद्धा. मग लक्षात आलं की माझा हात हीटरच्या जाळीवर गेला होता. बोट भाजलं. तो हसला नाही, पाणी आणायला उठला. पाठ मात्र हलत होती.

१८४२ आणि १८४३ संपलं, काही मिळालं नाही. अजून सहा पुस्तकं आहेत, पुन्हा यावं लागेल, असं तो म्हणाला. निघताना मी कपाट पाहिलं. तीनच होती. मोजण्यात चूक झाली असेल.

घरी न्यायला बटाट्यांचं पोतं दिलं. नको म्हटलं तरी ठेवलं.

रविवार, ३१ जानेवारी

अर्धे बटाटे आत्याला दिले. तिने एक उकडून, फोडून, वाफ पाहून सांगितलं की जमीन चांगली आहे. मग बटाट्यांबद्दल बरंच विचारत बसली: किती वर्षांचा आहे, घरात कोण कोण, चर्चला जातो का. मी म्हटलं, आत्या, बटाटे चर्चला जात नाहीत. ती बराच वेळ हसत होती.

ड्रमगॅल्टचं नाव निघालं म्हणून तिला एक आठवलं. म्हातारी जीन पाठीवर टोपली घेऊन आत शेतांवर मासे विकायला जायची, बदल्यात लोणी-अंडी आणायची. गावातल्या प्रत्येक बाईची आपली वाट असे. जीनची वाट ड्रमगॅल्टची, सगळ्यांत लांब, चढाची. साठी ओलांडल्यावर मुलांनी सांगितलं, आता जवळची वाट घे. ऐकलं नाही. आत्या आठ-नऊ वर्षांची असताना एकदा बरोबर गेली होती. पुलाजवळ एका खोपटीत एक फार म्हातारी बाई होती. तिथे जीनने टोपलीतला सर्वांत चांगला हॅडक काढून ठेवला, बदल्यात काही घेतलं नाही, आणि दोघी तासभर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्या बाईने आत्याच्या हातात ओटच्या पिठाची गरम भाकरी दिली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. आत्याला ती चव अजून आठवते. तशी भाकरी पुन्हा कुठे मिळाली नाही म्हणाली.

मी लिहून घेतलं. वंशावळीच्या कामाचं नाही, पण आत्याच्या आठवणी कुणीतरी लिहायला हव्यात.

शनिवार, १३ फेब्रुवारी

सापडलं. पानावर बोट ठेवून इनेसनेच आधी वाचलं, “हे फ्लेट आहे ना? फ्लेट म्हणजे तुमच्याकडचं आडनाव.” मी नोंद अक्षर न् अक्षर उतरवून घेतली आहे:

‘१७ मार्च १८४४. सभेपुढे एल्स्पेट गॉल्ड, मेन्स ऑफ ड्रमगॅल्ट या शेतावरील मोलकरीण, वय एकवीस, उपस्थित झाली. तीन आठवड्यांपूर्वी आपणांस मुलगी झाल्याचे तिने कबूल केले. पित्याचे नाव सांगण्यास नकार दिला. पुन्हा विचारले, पुन्हा नकार. मूल कोठे आहे असे विचारता, पोर्टलॅरिकचे मासेमार जेम्स स्लेटर यांची पत्नी मार्गरेट फ्लेट, जी या भागात मासे विकते, तिने नेल्याचे सांगितले. सदर मार्गरेट हिची स्वतःची मुलगी जानेवारीत वारली असून तिच्या अंगावर दूध आहे. मूल आपले म्हणून वाढविण्यास ती राजी आहे. आपल्या मुलीचे जीन हे नाव मोकळे झाले असल्याने तेच या मुलीस द्यावे, अशी तिची विनंती. सभेची हरकत नाही.’

नाव मोकळे झाले असल्याने. आमच्याकडे हीच पद्धत. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं, कारण ते नाव आजीचं किंवा आजोबांचं असतं आणि ते घरात चालू राहायला हवं. माझ्या बाबांच्या आधीही एक विल्यम होता, नऊ महिन्यांचा गेला, म्हणून बाबा विल्यम. मला हे पाळण्यातल्या वयापासून माहीत आहे. एका घरात दोन जीन असू शकतात हे एडिंबराच्या कुणाला सुचलं नसतं तर चाललं असतं. मला सुचायला हवं होतं.

म्हणजे १८४२ची जीन दोन वर्षांची होण्याआधीच गेली. शिरगणतीत मोजली गेली ती दुसरी. तिच्या अंगात मिठाचा कण नव्हता.

आणि तिला हे माहीत होतं. सात वर्षांची असताना घरात कुणीतरी मोजणीदाराला ड्रमगॅल्ट सांगितलं, तेव्हा तरी लपवत नव्हते. १८६१पासून त्या रकान्यात पोर्टलॅरिक आहे. माहीत असूनही तिने चार्ली डुगुइडला दाराबाहेरच ठेवलं. हे मला कळत नाही.

इनेस म्हणाला, मग तू अर्धी आमचीच निघालीस. मी म्हटलं, अर्धी नाही, बत्तिसांश. बरोबर हिशोब सोळांश आहे, आत्ता करून पाहिला. त्याला पुढच्या वेळी सांगायला हवं.

रविवार, १४ फेब्रुवारी

आत्याकडे गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

काल वसतिगृहावर एक कार्ड आलं, नाव नसलेलं. अक्षर विचित्र, जुन्या कागदपत्रांसारखं वळणं काढून लिहिलेलं, दोन ठिकाणी शाई सांडलेली. आत एक नांगराचं चित्र. खोलीतल्या मुली दिवसभर चिडवत होत्या. इतिहासाच्या वर्गातल्या कुणाची तरी थट्टा असणार. पण नांगर कशाला?

शनिवार, २० फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, मागे वळली नाही. विचारलं, आत्याला सांगितलंस का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग सांगू नकोस.

मी म्हटलं, ते खोटं आहे, आणि खाली माझी सही आहे. आई म्हणाली, तुझ्या सहीचं तूच बघ. आमच्यात कुणाची सही इतकी वर्षं कुणी मागितली नव्हती, तुला शिकवलं म्हणून आता घरात सह्या आल्या. हे ती रागाने म्हणाली नाही, पण लागलं. मग हात पुसून समोर बसली.

“बासष्ट वर्षं ती त्या एका वाक्यावर उभी आहे, इझा. ते काढून घेतलंस तर ती कशावर उभी राहील? तू परत ॲबर्डीनला जाशील. इथे मी असेन.”

 आईचं म्हणणं चूक आहे असं अजूनही म्हणवत नाही.

बुधवार, २४ फेब्रुवारी

पुन्हा एडिंबरा. या वेळी ड्रमगॅल्टची पानं. १८८१: एल्स्पेट गॉल्ड, अविवाहित, वय ५८, मोजे विणते, पुलाजवळची खोपटी. एकटी. तीच नोंद १८७१ला, तीच १८६१ला. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. मुलगी नऊ मैलांवर होती. पुढे दोघींची कधी गाठ पडली असेल असं दाखवणारा एकही कागद मला सापडला नाही. पडली असती तर किती बरं झालं असतं.

शनिवार, २७ फेब्रुवारी

आत्यासाठी मोठ्या अक्षरात उतरवायला बसले. पहिला परिच्छेद झाला: बंदर, होड्या, जेम्स स्लेटर. मग ‘त्यांची कन्या जीन, जन्म फेब्रुवारी १८४२’ इथे आले. ‘त्यांची’ लिहिलं आणि पुढे लिहिता आलं नाही. दुसरा कागद घेतला. तिथेही तेच. चार कागद गेले.

एक पळवाट दिसली. फक्त ‘त्यांच्या घरी जीन वाढली’ असं लिहायचं. ते खरं आहे. मंडळात कुणाला काही कळणार नाही, आत्याही तसंच वाचून टाकेल. पंधरा मिनिटं मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मग वाटलं, ऑगस्टमध्ये मी हेच केलं होतं. जे दिसत होतं त्यातलं सोयीचं तेवढं लिहिलं.

रविवार, ७ मार्च

आत्याने कागद मागितला. मी म्हटलं अजून झाला नाही. अभ्यास असेल म्हणाली. मला वाटतं तिला ते पटलं.

हॅडकचं सूप केलं होतं. ती जेवली कमी, बोलली जास्त. महिला मंडळात वाचताना चष्मा कोणता लावायचा, कोण कोण येईल. चार्लीची नातही येते तिथे, चांगली मुलगी आहे. मग बोलता बोलता थांबली. खिडकीतून पाण्याकडे बघत होती. नंतर जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

“तुला एक सांगते, पोरी. तुझा कागद यायच्या आधी मी म्हातारीवर चिडलेली असायचे. साठ वर्षं. अंथरूण घालताना, शेगडी पेटवताना, मनात तिच्याशी भांडायचे. तुझा कागद वाचला आणि कळलं, तिचं खरं होतं. मग भांडायचं कुणाशी? आता शेगडी पेटवताना फार शांत असतं.”

मी म्हटलं, शांत असणं चांगलंच ना. ती म्हणाली, हो, चर्चमध्ये चांगलं असतं.

मग विषय बदलला. त्या बटाटेवाल्याला पुढच्या रविवारी घेऊन ये, मला जमिनीबद्दल विचारायचंय, असं म्हणाली. आणि आणशील तेव्हा दारात उभा करून आत विचारायला येऊ नकोस, सरळ आत घेऊन ये. आत्याला शेतीत इतका रस कधीपासून, मला माहीत नव्हतं.

मंगळवार, ९ मार्च

दोन दिवस विचार केला. आई म्हणते आत्या त्या वाक्यावर उभी आहे. पण आत्या स्वतः म्हणते ती साठ वर्षं त्या वाक्याशी भांडत उभी होती, आणि ते भांडण मी तिच्याकडून काढून घेतलं. एका चुकीच्या कागदाने. जीनने तिचा चार्ली घेतला. मी तिचा राग घेतला. चार्ली कुणाला परत देता येत नाही.

सांगितल्यावर काय होईल याची यादी करायला घेतली. ती रडेल. माझ्याशी बोलणं सोडेल. आजारी पडेल, आणि मग आई माझ्याशी बोलणं सोडेल. १७ तारखेला मंडळात जाणार नाही. किंवा जाईल आणि ड्रमगॅल्टचं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेल. तेही तिच्या स्वभावात बसतं. यादी अर्धी सोडली. काय होईल ते माझ्या हातात नाही, आणि ते माझ्या हातात आहे असं समजून मी महिनाभर गप्प बसले.

इनेसला फोन केला. आत्याने बोलावलंय, पण रविवारी जेवायला एक वाजता नको, चारला ये म्हटलं. का विचारलं तर सांगितलं, आधी मला आत्याला एक पान वाचून दाखवायचंय, आणि ते झाल्यावर घरात कुणीतरी बरं माणूस लागेल.  मग म्हणाला चारला येतो, आणि शर्ट धुतलेला घालू का. मी म्हटलं काहीही घाल, आत्या जमिनीबद्दल विचारणार आहे.

त्याला सोळांशाचंही सांगितलं. म्हणाला, बत्तिसांशापेक्षा बरं.

मोठ्या अक्षरात आज पुन्हा लिहिलं, पण वृत्तांत नाही. १७ मार्च १८४४ची नोंद, जशी आहे तशी, ‘अंगावर दूध आहे’ यासकट. खाली माझी ऑगस्टची चूक, चार ओळींत, कारण न देता. खाली सही. आत्या एका कानाने कमी ऐकते, तेव्हा तिच्या उजवीकडे बसून वाचेन, आणि ती जा म्हणेपर्यंत उठणार नाही.

चर्च सुटल्यावर, जेवणाआधी. रविवार, १४ मार्च.